‘उद्यापासून येऊ नकोस’

आपट्याच्या स्टेशनबाहेर सकाळी उभे राहिले म्हणजे रसायनी-पाताळगंगा पट्ट्याचे अर्थशास्त्र समजण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. कंत्राटदाराची गाडी येते, माणसे मोजते आणि निघून जाते. ज्यांना गाडीत जागा मिळत नाही ती मुकाट्याने वाडीची वाट धरतात.

गेल्या पावसाळ्यात जवळच्या वाडीवरचा एक कातकरी तरुण अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आला. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. जखम भरल्यावर तो कामावर हजर झाला, तेव्हा मुकादमाने ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच सांगितले. त्याच कंत्राटदाराकडे पूर्वी असाच जायबंदी झालेला, पण वरच्या समाजातला एक कामगार आज फाटकावर नोंदवही सांभाळतो. तरुणाने मला विचारले, “सर, हात गेला म्हणून काढला असं लिहू, का कातकरी म्हणून?” पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही मला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तर सुचेना, याचे कारण आपल्या कायद्याची रचना असे आहे की, अन्याय एकजीव असला तरी दाद तुकड्यातुकड्यांनी मागावी लागते. कामावरून काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात करायची. अपंगत्वाची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे न्यायची. जातीची तक्रार पोलीस ठाण्यात. तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा असला तरी तो फौजदारी असल्यामुळे पुरावा संशयातीत हवा. प्रत्येक दारावरचा माणूस पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. ज्याला नेमणुकीचे पत्र कधी मिळाले नाही आणि बडतर्फीचेही मिळाले नाही, त्याने मालकाच्या मनातला हेतू सिद्ध करायचा! याला न्याय म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे.

कायद्याचा पक्षपातही पाहण्यासारखा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे. पण कलम २० मधले हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. खाजगी मालकाने समान संधीचे धोरण जाहीर केले की त्याच्या कर्तव्याची बरीचशी पूर्तता झाली. घटनेच्या १६ व्या कलमाची समान संधीही सरकारी नोकरीपुरतीच आहे. आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर सततच्या अनारोग्याच्या कारणाने केलेली सेवासमाप्ती कपातीच्या व्याख्येतूनच वगळली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कपातीसाठी सरकारी परवानगीची अट आता शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यापासून पुढे लागू होते. काढण्याचे स्वातंत्र्य वाढले. का काढले, हे विचारण्याचे सामर्थ्य मात्र होते तिथेच राहिले.

खाजगी मालकाला असे बांधता येणार नाही, हा युक्तिवाद खोटा आहे. केवळ एचआयव्हीबाधित म्हणून रोजंदारी कामगाराला दूर ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका सार्वजनिक महामंडळाविरुद्ध दिला. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशा कामगारांना खाजगी नोकरीतही संरक्षण दिले. त्याला काढायचेच असेल तर वैद्यकीय अभिप्राय आणि पर्यायी सोय का परवडत नाही याचे निवेदन मालकाने लेखी द्यावे लागते. एका आजाराच्या बाबतीत जे शक्य झाले, ते तुटलेल्या बोटांच्या आणि जन्मजातीच्या बाबतीत अशक्य का व्हावे?

बाजारवादी पंडित म्हणतील, स्पर्धाच भेदभाव संपवील. पूर्वग्रह बाळगणारा मालक चांगले कामगार गमावतो आणि मागे पडतो. गॅरी बेकर यांनी १९५७ साली मांडलेल्या विवेचनातून निघालेला हा निष्कर्ष वर्गात ऐकायला बरा वाटतो. परंतु फाटकाबाहेर बेकारांची रांग उभी असताना पूर्वग्रहाची किंमत मालकाला पडतच नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शिक्षण सारखे, फक्त आडनाव वेगळे असे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी निघाली. अपघाताचा हिशोबही असाच आहे. उत्पादनाचा नफा मालकाच्या वहीत जमा होतो आणि निकामी हाताचा खर्च वाडीवरच्या चुलीवर पडतो.

आपण समाजवाद्यांनीही आरशात पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, हे त्याचे कारण. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडावा लागला. वर्ग एक झाला की जात आपोआप विरेल, या भाबड्या समजुतीची शिक्षा कातकरी कंत्राटी कामगार आजही भोगतो आहे. त्याला सभासद करून घेणाऱ्या किती युनियन आपल्या पट्ट्यात आहेत?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. कोणालाही काढताना कारण लेखी द्यावे. ते दिले नाही तर काढणेच रद्द समजावे. भेदभावाची सकृद्दर्शनी शंका दिसली की तो झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. कलम २० चे संरक्षण खाजगी कारखान्यांना, त्यांच्या कंत्राटदारांसकट, लागू करावे. आणि जात व अपंगत्व या दोन्ही तक्रारी एकाच न्यायासनासमोर एकत्र चालाव्यात.

त्या तरुणाच्या अर्जात आम्ही अखेर दोन्ही कारणे लिहिली. खाली त्याने डाव्या हाताने सही केली. ती वेडीवाकडी आहे, पण त्याची आहे. तिच्याखाली आता संघटनेची सही हवी.