निळा धूर दिसला की…

सिल्क बोर्डच्या सिग्नलवर बराच वेळ थांबून गाडी पुढे काढताना मागे निळसर धूर निघतो का? म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचं सील गेलं असेलही, पण लगेच जेसी रोडवर नवा टर्बो शोधायला धावू नका, तो काही स्वस्त नसतो! आधी मेकॅनिकला ब्रीदर आणि टर्बोतून ऑइल परत नेणारी नळी तपासायला सांगा. त्या तुंबल्या तर धडधाकट सीलमधूनही ऑइल झिरपतं. बीएस-६ डिझेल गाडीत फिल्टरमुळे धूर दिसेलच असं नाही, म्हणून डिपस्टिक बघत राहा. आणि किल्ली काढूनही डिझेल इंजिन पळतच सुटलं, तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाका, क्लच सोडा. बॉनेट उघडून वाकू मात्र नका.