व्याख्याने पुरेत!

वाचकहो, फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय काढतो आहे, क्षमा असावी. पण आमच्या नगर जिल्ह्यात, पाथर्डी-शेवगावच्या बाजूला, फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच मुकादमाची गाडी दारात उभी राहते. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात आणि ऊसतोडीला निघतात. मागे उरते म्हातारी, धाकटी भावंडे आणि दहावीतला पोरगा. आईबाप परततात तोवर बहुधा त्याची परीक्षा होऊन गेलेली असते.

असाच एक मुलगा माझ्या वर्गात तासन्‌तास खिडकीबाहेर बघत बसू लागला. शाळेने काय करावे? मनोबलावर व्याख्यान ठेवले! शहरातून वक्ते आले. मन खंबीर करा, पहाटे उठा, ध्येय गाठा! टाळ्या झाल्या, चहा झाला. संध्याकाळी तो पोरगा मला म्हणाला, “सर, पहाटे तर मी उठतोच की. पाणी भरायचं, बहिणीची वेणी घालायची.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ओझे आपण लादायचे आणि पाठ वाकली की पोराला दुबळा ठरवायचे, हा कुठला न्याय? “आमच्या वेळी नव्हती असली थेरं!” म्हणे. नव्हती कशी? तेव्हाही पोरे खचतच होती; आपण त्यांना ‘वाया गेला’ म्हणून मोकळे होत होतो, इतकेच. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले. ही सारी पोरे काय आळशी होती?

आणि हे दुखणे कोयत्याच्या घरापुरतेच नाही. बंगल्यातल्या मुलीचे आईबाप घरातच असतात. पण तिला विचारतात काय? मार्क!

मी चित्रकलेचा मास्तर, शिकलेला मॅट्रिकपर्यंत. मानसशास्त्रातले मला काय कळणार? पण एवढे दिसते की दिवाळी सरली की दहावीचे चित्रकलेचे आणि खेळाचे तास गणित गिळून टाकते. पोराला श्वास घ्यायची दोन भोके, तीही बुजवायची, आणि मग ताणमुक्तीवर व्याख्यान द्यायचे!

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली मंजूर केली, ते योग्यच झाले. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फुकट दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीतून बोलता येते. मुलांना तो क्रमांक जरूर सांगा. प्रसंगी स्वतः लावून द्या. पण ज्याला रोज ऐकणारे एकही मोठे माणूस नाही, तो पोरगा फोनपर्यंत पोचणार कसा?

म्हणून सांगतो, या दिवाळीनंतर तुमच्या आळीत ज्या घरची कर्ती माणसे तोडीला गेली असतील, तिथल्या पोराला जेवायला बोलवा. त्याला उपदेश करू नका. ताट वाढा, शेजारी बसा, आणि तो बोलेल ते ऐकून घ्या.

मार्क मात्र विचारू नका.