लहान एसयूव्हीमागे ट्रॉली जोडताय? ओढणं सोपं, थांबवणं अवघड

उल्हासनगर : कॅम्प ५ कडून नेवाळी नाक्याकडे, बदलापूरहून बारवीच्या रस्त्याने मुरबाडला किंवा कल्याणहून माळशेजकडे जाताना पुढे घरची लहान एसयूव्ही आणि मागे दोन चाकांची ट्रॉली, असं चित्र आता नवीन नाही. कुणाच्या ट्रॉलीवर लग्नाचा जनरेटर असतो, कुणाच्या पाण्याची टाकी, कुणाच्या मंडपाचे पाइप, तर कुणाची चायनीजची गाडीच चाकांवर बसवलेली असते. टेम्पोचं भाडं वाचतं, ट्रॅक्टर बोलवायची गरज पडत नाही, वेळेवर काम होतं. त्यामुळे ‘गाडीत दम आहे, ओढते की’ असं म्हणून हूक जोडला जातो.

गाडी ओढते, यात शंका नाही. आजच्या डिझेल आणि टर्बो इंजिनांना हजार किलो ओढणं जड जात नाही. प्रश्न वेगळाच आहे. ओढलेलं वजन थांबवायचं कुणी? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे गाडीचं वजन आणि ट्रॉलीचं वजन, दोन्ही गाडीच्या चार चाकांनीच थांबवायचं. आणि अपघात झाल्यावर ट्रॉलीला नंबर नाही, विमा नाही, हे समोर येतं, तेव्हा भरपाईचा बोजा घरावर येतो.

ब्रेकचं साधं गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर बैल किंवा बाइक आडवी आली की पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हे १७ मीटर संपलेले असतात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर एकटी गाडी ढोबळमानाने आणखी २० मीटरमध्ये थांबते. एकूण ३७ मीटर.

आता मागे गाडीच्या निम्म्या वजनाची, बिनब्रेकची ट्रॉली लावा. ब्रेकचा जोर तेवढाच, वजन दीडपट. २० मीटरचे ३० होतात. ट्रॉलीचं वजन गाडीएवढं झालं तर ४०. म्हणजे ३७ मीटरमध्ये थांबणाऱ्या गाडीला ५७ मीटर लागतात. पावसात रस्ता निसरडा झाला की हा आकडा आणखी वाढतो. शिवाय मागचं वजन ढकलत राहतं, त्यामुळे गाडी आणि ट्रॉली हुकापाशी विळ्यासारखी मुडपते.

ब्रेकमुळे किती फरक पडतो, हे भारतातच बनणाऱ्या जिम्नीच्या उदाहरणातून कळतं. ही गाडी भारतातून ऑस्ट्रेलियाला जाते. तिथे कंपनीने दिलेली मर्यादा अशी : ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असेल तर १३०० किलो, नसेल तर फक्त ३५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच. फरक फक्त ट्रेलरच्या ब्रेकचा. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच.

वजन अंदाजपंचे नको

गावाकडे वजनाचा अंदाज डोळ्यांनी बांधला जातो. इथेच घोटाळा होतो. पाण्याचा हिशोब सरळ आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाला. त्यात लोखंडी ट्रॉलीचं वजन धरलं, तर मागचं ओझं पुढच्या लहान एसयूव्हीएवढं किंवा त्याहून जास्त भरतं. सिमेंटच्या ५० किलोच्या २० गोण्या म्हणजेही एक टन. जनरेटरचं वजन त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण?

उन्हाळ्यात मुरबाड आणि शहापूरच्या पाड्यांवर पाणी टँकरनेच येतं. मुंबईला पाणी देणारी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच वाड्यांवर ही पाळी येते. सरकारी टँकर वेळेवर आला नाही की कुणीतरी घरच्या गाडीमागे टाकी लावतो. गरज खरी आहे, पण सगळ्यात धोक्याची ट्रॉली तीच असते. टाकी अर्धी भरलेली असेल तर ब्रेक मारल्यावर पाणी पुढे आदळतं, वळणावर एका बाजूला जातं आणि ट्रॉली कलंडते. त्यापेक्षा छोटी टाकी काठोकाठ भरून दोन फेऱ्या मारणं बरं. मोठी टाकी असेल तर आत आडवे पत्रे बसवून घ्यावेत, म्हणजे पाणी हिंदकळत नाही.

पेंढ्याचं उलट असतं. वजन कमी, पण उंची जास्त. मोकळ्या माळावर वारा लागला किंवा शेजारून मोठा कंटेनर गेला की उंच भारा झोका खातो.

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणाऱ्यांना एक सल्ला दिला जातो : भरलेल्या ट्रेलरचं वजन रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तोही ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी. आपल्याकडच्या बिनब्रेकच्या ट्रॉलीला निम्म्याहून बरंच खाली राहणं शहाणपणाचं. आणि गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा त्याहून कमी असेल तर पुस्तिकेचंच ऐकायचं. वजनकाट्यावर एकदा भरलेली ट्रॉली तोलून घ्यायला फारसा खर्च येत नाही.

हूक कशाला जोडलाय, ते बघा

सगळ्या एसयूव्ही दिसायला सारख्या, पण बांधणीत दोन प्रकार. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, जिम्नी यांना खाली वेगळी लोखंडी चासी असते. ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा यांच्यासारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. अशा गाडीच्या मागच्या पत्र्याला किंवा बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून हूक लावला, तर तो रोजच्या धक्क्यांनी हळूहळू सुटत जातो. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस खड्ड्यात आदळल्यावर ट्रॉली मागेच राहते, किंवा समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते.

म्हणून पहिलं काम, गाडीची पुस्तिका उघडणं. ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिली असेल तर ती तिथे असते. काही लहान गाड्यांच्या पुस्तिकेत तर ‘ट्रेलर ओढण्याची शिफारस नाही’ असं स्पष्ट छापलेलं असतं. मग कितीही जाड हूक लावला तरी उपयोग नाही.

दुसरं, साखळी. हूक किंवा पिन तुटली तरी ट्रॉली गाडीला धरून राहावी म्हणून दोन मजबूत साखळ्या हुकाखालून फुलीसारख्या आडव्या बांधायच्या. दोरी किंवा बाइंडिंग वायर चालत नाही. पिनला लॉक हवंच. खिळा वाकवून घातला म्हणजे लॉक झालं, असं नाही.

शेपूट हलायला लागली तर

ट्रॉली डावी-उजवीकडे झुलायला लागणं हे अपघाताचं मोठं कारण. बहुतेक वेळा चूक माल भरतानाच झालेली असते. जड सामान चाकांच्या मागे टाकलं की हुकावरचा भार कमी होतो, गाडीचा मागचा भाग उचलल्यासारखा होतो आणि वेग वाढला की ट्रॉली झुलते. म्हणून जड सामान चाकांच्या थोडं पुढे, खाली आणि मध्ये ठेवायचं. हुकावर ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यावा. ६०० किलोची ट्रॉली असेल तर ६० किलो. तोलायला अवघड काही नाही. सपाट जागी चाकांना दगड लावून ट्रॉली सोडवायची, हुकाचा दांडा ठोकळ्यावर टेकवून खाली धान्याचा काटा ठेवायचा. मात्र हुकावर किती भार चालतो, हेही गाडीगणिक वेगळं असतं. एवढाच भार गाडीत बसलेल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात मिळवायचा.

चालत्या गाडीत ट्रॉली झुललीच, तर जोरात ब्रेक मारायचा नाही आणि ‘वेगात ओढून सरळ करू’ म्हणून ॲक्सिलरेटरही दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. मग बाजूला थांबून माल नीट लावायचा.

माळशेज किंवा कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय ट्रॉली मागे असताना जिवावर बेतू शकते. गावातल्या बोळात किंवा कॅम्पातल्या गल्लीत रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा. ज्या बाजूला हात हलेल, त्या बाजूला ट्रॉलीचा मागचा भाग जातो. मागे एक माणूस उभा हवाच, पण गाडी आणि ट्रॉलीच्या मध्ये नाही.

कायद्याला ट्रॉली म्हणजे गाडीच

अनेकांचा समज असा की नंबर गाडीला असतो, ट्रॉलीला कशाला? मोटार वाहन कायदा, १९८८ वेगळं सांगतो. या कायद्यातल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर लिहावा लागतो. जुन्या गाड्यांना एचएसआरपी पाटी बसवण्यासाठी राज्यभर धावपळ झाली. पण त्या पाटीला झाकणाऱ्या ट्रॉलीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर मागून बघणाऱ्याला ही गाडी कुणाची, ते कळणार कसं?

दंडही कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात नोंदणी नसलेलं वाहन चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत, विमा नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि जादा वजन भरल्यास २० हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार अशी तरतूद आहे. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

परवान्याचा प्रश्न थोडा सुटला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं, की हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपेक्षा कमी वजनाचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं. पण त्या निकालाने ट्रॉलीचा विमा आपोआप होत नाही. गाडीच्या पॉलिसीत ट्रेलरची नोंद नसेल तर विमा कंपनी हात वर करू शकते. काही प्रकरणांत कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतं आणि ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे शेवटी जमीन किंवा दागिने मालकाचेच जातात. ट्रॉलीत माणसं बसवली असतील तर अडचण आणखी वाढते. विसर्जनाला किंवा वऱ्हाडाला ट्रॉलीत पोरं बसवणं म्हणूनच पूर्णपणे टाळायला हवं.

धोरण आलं, तपासणी कुठे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. राहण्याची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर, त्यांच्यासाठी पार्क, असा त्याचा विचार आहे. बारवी, माळशेजसारखी ठिकाणं असलेल्या या भागात त्यातून रोजगार मिळू शकतो. पण पर्यटकांचा ट्रेलर नियमात बसवताना गावातली ट्रॉली तशीच सोडली, तर एकाच रस्त्यावर दोन कायदे असल्यासारखं होईल.

पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दर हंगामात होतात. इथेही तसं होऊ शकतं. कल्याण आरटीओने मुरबाड, शहापूर, बदलापूरला शिबिर लावून ट्रॉलीची नोंदणी कशी करायची ते सांगावं, फक्त पावत्या फाडू नयेत. वेल्डिंगवाल्यांना बोलावून ब्रेक, साखळी, दिवे कसे हवेत ते दाखवावं. मंडप आणि जनरेटर ठरवताना गणेश मंडळांनी व ग्रामपंचायतींनी ट्रॉलीचे कागद मागावेत. मागणी आली की सुधारणा होते.

तोपर्यंत निघण्याआधी पाच मिनिटं द्यावीत. पिन आणि साखळी, ट्रॉलीच्या टायरची हवा, मागचा लाल दिवा आणि दोन्ही इंडिकेटर, माल बांधलेल्या दोऱ्या, आणि दोन्ही बाजूंचे आरसे. रस्त्यावर वेग कमी आणि पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. यातलं एक जरी नसेल, तर त्या दिवशी टेम्पोचं भाडं दिलेलं परवडतं.