गंज किती काढावा?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी आदिवासींच्या नित्य वापरातील वस्तूंचे प्रदर्शन मांडले गेले. धडगावकडच्या एका विद्यार्थ्याने त्यासाठी आपल्या आजोबांची कुऱ्हाड आणून दिली. ती गंजलेली होती. मांडणी करणाऱ्यांनी ती ग्राइंडरवर घासली, वर चंदेरी रंगाचा हात दिला आणि लाल कापडावर ठेवली. विद्यार्थ्याचे वडील पाहायला आले तेव्हा त्यांना ती ओळखता आली नाही. त्यांनी कुणालाही दोष दिला नाही. ‘ही आमची नाही’ एवढेच ते म्हणाले आणि पुढे गेले. मांडणी करणाऱ्यांत आम्हीही होतो, म्हणून हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही.

जुन्या लोखंडावरचा गंज काढावा की राहू द्यावा, याची दोन सोपी उत्तरे आहेत. वस्तू लखलखीत करावी, हे एक. काळाने दिलेले रूप पवित्र मानून तिला हात लावू नये, हे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे आळशी आहेत.

तांब्यावर चढणारा हिरवट थर आतल्या धातूला बऱ्याच अंशी आडोसा देतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात, ओल आत शिरते आणि खाणे चालूच राहते. दिल्लीतील मेहरौलीचा स्तंभ सुमारे 1600 वर्षे टिकला, तो त्या लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठावर संरक्षक थर धरला म्हणून. सातपुड्यातल्या पावसाळ्यात साध्या कुऱ्हाडीला हे भाग्य नसते. तिला ‘आहे तशी’ ठेवणे म्हणजे सावकाश नष्ट होऊ देणे होय.

परंतु त्या कुऱ्हाडीवर केवळ गंजच नव्हता. नेढ्याजवळ लोहाराच्या घणाचे ठसे होते. धार एका बाजूने अधिक झिजलेली होती, कारण धरणाऱ्याच्या हाताची एक ठरावीक सवय होती. चुलीच्या धुराने धरलेला घट्ट काळा थरही होता. ग्राइंडरला यांतला भेद कळत नाही. शिवाय त्याच्या उष्णतेने धारेला दिलेले पाणी उतरते, म्हणजे वस्तू दिसायला नवी होते आणि कामातून जाते. सुटी लाल भुकटी ब्रशने झाडावी, रॉकेलच्या फडक्याने पुसावे, पूर्ण वाळवून तेलाचा पातळ हात द्यावा आणि घट्ट काळ्या थराला हात लावू नये, एवढेच पुरेसे होते. कुऱ्हाड अजून लाकूड तोडत असेल, तर धार दगडावर अवश्य लावावी. ते तिचे जगणेच आहे. गोल्फ खेळणारे काही जण मुद्दाम मुलामा नसलेली काठी घेतात आणि ती गंजू देतात. चेंडूला भिडणाऱ्या खाचा मात्र तेही स्वच्छ ठेवतात. काय काढावे हे वस्तूच्या कामावरून ठरते, पाहणाऱ्याच्या हौसेवरून नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विवेक परका वाटू नये. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलांमधून शिरलेले अपपाठ काढणे हे गंज काढणेच होते; आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असेही त्यांनी बजावले. तरीही त्या शुद्धीत काही जुनी रूपे गेली असावीत, ही शंका उरलीच. म्हणून तर 1909 साली राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या, एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीभोवती एवढी चर्चा झाली. एकनाथांसारख्या अधिकारी पुरुषाच्या हातूनही जे निसटू शकते, ते आपल्या हातून किती निसटेल?

हा प्रश्न आज नंदुरबार जिल्ह्यात अधिक निकडीचा आहे. आमचे विद्यार्थी पावरी, मावची, भिलोरी भाषांतील गाणी व कथा टिपून आणतात. आपण त्या प्रबंधात घेताना पुनरुक्ती गाळतो, क्रियापदे प्रमाण मराठीच्या वळणावर नेतो आणि त्याला संपादन म्हणतो. लेखनिकाची चूक जरूर दुरुस्त करावी. ती गंज आहे. पण गाणाऱ्या बाईने तीनदा घोळवलेली ओळ हा घणाचा ठसा आहे. ‘गोधड’चे कवी वाहरू सोनवणे यांनी भिलोरीत लिहिले, ते ती भाषा घासून चकचकीत करण्याची वाट न पाहता. आपण निदान मूळ पाठ मराठी रूपाशेजारी छापावा, आणि काय बदलले ते सांगावे.

कुऱ्हाडीवरचा चंदेरी रंग आम्ही नंतर खरवडून काढला, तेल लावले आणि ती त्या घरी पोहोचवली. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून दिली. घणाचे ठसे अर्थातच परत आले नव्हते.