रायफल नवी घ्याल, पण काडतुसांचे काय?

सुटा भाग मिळतो तोवर वस्तू दुरुस्त करून वापरायची, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची रीत. ती चांगलीच आहे. पण हाच हिशेब पोलिसांच्या रायफलीला लावावा काय?

‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफिल्ड रायफल. ती १८९५ साली ब्रिटिश फौजेत आली, पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनली. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान हीच घेऊन लढले. त्यानंतर लष्कराने एसएलआर स्वीकारली आणि जुन्या रायफली पोलिसांकडे राहिल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी! एवढी वर्षे ती टिकली याचे कारण उघड आहे. रचना साधी, नेम लांबचा आणि धूळ-पाऊस सोसण्याची ताकद.

पण टिकाऊ म्हणजे पुरेशी नव्हे. तिच्यात दहा काडतुसे मावतात आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले, तेव्हा तिथल्या पोलिसांच्या हाती लाठी होती, नाहीतर हीच रायफल. पन्नासहून अधिक माणसे त्या स्थानकात मारली गेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. त्यांच्या शौर्याला वंदन. पण शिपायाच्या छातीवर विसंबणे ही व्यवस्था झाली काय?

मग नवी रायफल घेतली की काम संपले? तसेही नाही. राम प्रधान समितीने मुंबईच्या शीघ्र प्रतिसाद पथकांबद्दल काय नोंदवले ते पाहा. काडतुसांच्या टंचाईमुळे त्यांचा गोळीबाराचा सरावच खंडला होता. आणि १९९९ च्या कारगिल युद्धात तेव्हा नव्या असलेल्या इन्सासची प्लास्टिकची मॅगझिन थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. नवे म्हणजे निर्दोष नव्हे.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. खतावणीत यंत्राची खरेदी एका खात्यावर पडते, देखभाल दुसऱ्या. खरेदीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, फायरिंग पिन आणि मॅगझिनच्या स्प्रिंगचा येत नाही. म्हणून कात्री नेहमी देखभालीवरच चालते. त्यात प्रकार वाढले की खर्च वाढतो. इन्सासचे काडतूस ५.५६ मिलिमीटरचे. एसएलआर आणि एके दोन्ही ७.६२ च्या, पण एकीच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. एकीचे दुसरीत चालत नाही. प्रत्येक प्रकाराला वेगळा साठा, वेगळे सुटे भाग, वेगळा सराव.

आमचे मत स्पष्ट आहे. कवायतीला आणि प्रशिक्षणाला जुनी रायफल खुशाल ठेवा. ज्या रायफलीचे उत्पादन थांबले आहे, तिला एकीचे भाग काढून दुसरीला लावत किती दिवस जगवणार? स्थानके, बाजार, न्यायालये येथून ती काढलीच पाहिजे. मात्र नव्या रायफलीच्या खरेदीतच सुटे भाग, आर्मररचे प्रशिक्षण आणि सरावाची काडतुसे धरलेली असावीत. लष्करासाठी सहा लाखांहून अधिक एके-२०३ अमेठीजवळील कोरवा येथे बनवण्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. देशात बनणाऱ्या शस्त्राचे भाग देशातच मिळतात, हा त्यातला मोठा फायदा.

हैदराबादकरांना हे नवे नाही. १९८९ साली के. एस. व्यास यांनी ग्रेहाउंड्स दल उभारले. त्याचा दबदबा निर्माण झाला तो कठोर प्रशिक्षणामुळे.

विधानसभा आपल्या नामपल्लीतच आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारा. आमच्या ठाण्यातला शिपाई वर्षाला सरावाच्या किती गोळ्या झाडतो? किती रायफली घेतल्या हे तो न विचारता सांगेल. हे उत्तर मात्र मागूनच घ्यावे लागेल.