आवाज उजळला, नावं कुठं गेली?



गेल्या जयंतीच्या आदल्या रात्री कुंडलमध्ये आमच्या दारात पोरं मिरवणुकीच्या गाण्यांची यादी करत बसली होती. एकाने मोबाईलवर एक जुनं भीमगीत लावलं. खाली लिहिलं होतं, 'रिमास्टर्ड'. आवाज लख्ख. ओट्यावर बसलेले माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ऐकता ऐकता पुढे सरकले. ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या एका स्टुडिओत त्या कॅसेटसाठी ढोलकी त्यांनीच वाजवली होती. एका दिवसाची हजेरी आणि एसटीचं भाडं, एवढ्यावर. गाणं संपलं तेव्हा ते म्हणाले, "आवाज त्योच हाय. पर ही ढोलकी माझी न्हवं."

खरंच नव्हती. ढोलकीच्या जागी मशीनचा ठेका होता. शेवटचं कडवं गायब होतं. खाली कंपनीचं नाव होतं, गायकाचं होतं, ठेका बसवणाऱ्या डीजेचंही होतं. गीतकार, कोरस, ढोलकी, टाळ यांपैकी एकाचंही नव्हतं. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही, तो सगळ्या रिवाजाचा आहे.

या रिवाजाबद्दल बोलताना मला दूरचं एक उदाहरण द्यायचं आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जॅझचं.

जॅझ न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांत घडलं. पण जॅझची म्हणून पहिली तबकडी १९१७ मध्ये निघाली ती पाच गोऱ्यांच्या बँडची. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्यापैकी किंग ऑलिव्हरचा बँड एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत पोचला. तेव्हा माइक नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहायचे आणि त्यांच्या आवाजाने हलणारी सुई मेणावर रेघ कोरायची. मोठ्या ढोलाचा ठोका पडला की सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्ससारख्या नामी ढोलवादकाला लाकडी ठोकळे वाजवून भागवावं लागलं. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता. गाडी आली की काम थांबायचं. आणि हीच कंपनी त्या काळात पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅनच्या, म्हणजे काळ्यांना जाळणाऱ्या-मारणाऱ्या टोळीच्या, तबकड्याही छापून द्यायची. बाजार असाच असतो. तुमचा आवाजही विकतो आणि तुमच्या मारेकऱ्यांचाही.

आज त्याच तबकड्या साफ करून पुन्हा प्रसिद्ध होतात. चांगला रिमास्टर करणारा आधी कमीत कमी झिजलेली प्रत शोधतो, तिच्या खाचेला योग्य जाडीची सुई लावतो, तबकडीचा वेग नेमका ठरवतो आणि मग खरखर कमी करतो. खरखर किती काढायची, हा त्यातला कसोटीचा भाग. जास्त काढली की तिच्यासोबत झांजेची किणकिण आणि वाद्याची धारही जाते. म्हणून जाणकार लोक थोडी खरखर राहू देतात, पण माणसाला हात लावत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या पुनर्प्रकाशनांसोबत बहुधा एक पुस्तिका असते. कोणत्या तारखेला, कुठे, कोणी काय वाजवलं, तबकडीचा क्रमांक काय, सगळं त्यात. १९२३ च्या त्या बँडमध्ये दुसरं कॉर्नेट बावीसेक वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचं होतं, पियानोवर लिल हार्डिन ही तरुणी होती, क्लॅरिनेट जॉनी डॉड्सचं होतं, हे आज सांगता येतं. कंपन्यांनी हे आपणहून जपलं नाही. १९३६ मध्ये पॅरिसला शार्ल दलोने याने जॅझच्या तबकड्यांची सूची छापली आणि पुढे कित्येक नादिष्ट माणसांनी म्हाताऱ्या वादकांना गाठून, विचारून, एकेक नाव जोडलं.

पण नाव मिळालं म्हणजे न्याय मिळाला असं नाही. बेसी स्मिथचं बघा. तिच्या तबकड्या धडाधड खपायच्या, पण तिला प्रत्येक गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळायची, खपावर हक्क नव्हता. १९३७ मध्ये ती अपघातात गेली. १९७० मध्ये कोलंबिया कंपनीने तिची सगळी गाणी नव्याने काढायला सुरुवात केली. त्या वर्षापर्यंत तिच्या कबरीवर साधा दगड नव्हता. तो अखेर बसवला जॅनिस जॉप्लिन ही गायिका आणि कोणे एके काळी बेसीच्या घरी काम केलेली वॉनिता ग्रीन या दोघींनी, स्वतःच्या पैशाने. किंग ऑलिव्हर तर शेवटच्या दिवसांत सव्हाना शहरात झाडलोट करून पोट भरत होता.

हे वाचताना आपल्याला आपलीच माणसं आठवत नाहीत का? इथून जवळच्या वाटेगावच्या अण्णाभाऊंचं १९६९ मधलं मरण आठवा. शेजारच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले, तमाशासाठी त्यांनी जातीचं सोवळं सोडलं, याचं मोल मी कमी करत नाही. पण त्यांच्या लावण्या जिच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेल्या ती पवळा महार समाजातली. दंतकथा बापूरावांच्या वाट्याला आली आणि पवळा त्या दंतकथेतलं एक पात्र झाली. १९१७ च्या त्या तबकडीपेक्षा ही गोष्ट फार वेगळी नाही.

आता काही आक्षेप घेऊ.

पहिला : "कंपन्यांनी गाणी जपली, नाहीतर कॅसेटी बुरशीने गेल्या असत्या." मान्य. रिमास्टरिंगला माझा विरोध नाही, आपल्या पोरांना प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप स्वच्छ ऐकू यावेत असं मलाही वाटतं. पण मूळ ध्वनिमुद्रण साफ करणं वेगळं आणि ढोलकी काढून मशीन बसवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला रिमास्टर म्हणणं ही फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो जास्त अवघड आहे : "जलशातल्या शाहिरांनी नावासाठी गायलं नाही. गाणं चळवळीचं, त्यात नाव कशाला?" ऐकायला हे उदात्त वाटतं. पण शाहिरीची रीतच पाहा. शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. ज्यांना कोणी दप्तरात नोंदवत नव्हतं, त्यांनी आपली सही गाण्यातच करून ठेवली. तीन मिनिटांत बसवायला जेव्हा शेवटचं कडवं कापलं जातं, तेव्हा ती सही कापली जाते. नाव सोडून देणं हा शाहिराचा त्याग असेल. त्याचं नाव खोडणं हा आपला त्याग नव्हे.

कायदाही इथे अगदी मुका नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६४ पर्यंतच्या तबकड्यांवर आता कोणत्याही कंपनीची मालकी नाही. गीतकाराचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आणल्या : गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, आणि सादर करणाऱ्या कलाकाराला आपलं नाव दिलं जाण्याचा हक्क आहे. किती शाहिरांच्या वारसांना हे कोणी सांगितलं? गावोगावच्या आपल्या वकिलांनी हे काम अंगावर घ्यावं.

बाकीचं काम आपलं. घरात, समाजमंदिरात, माळ्यावर पडलेल्या कॅसेटी आणि तबकड्या भंगारात घालू नका. त्यांची नक्कल करताना पहिली प्रत काहीही साफ न करता, खरखरीसकट ठेवा. वेष्टनाचे आणि लेबलचे फोटो काढा, क्रमांक लिहा. आणि मुख्य म्हणजे जे हयात आहेत त्यांच्यासमोर बसा. कोण गायलं, कोरसला कोण होतं, हलगी कोणाची, टाळ कोणाचा, मानधन किती मिळालं, हे विचारा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग या कामाला लावला तर डीजेचा एखादा तास कमी होईल, एवढंच.

दलित पँथरचं नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे ते सांगितलं होतं. हे नातं घोषणेपुरतं ठेवायचं नसेल तर त्यांच्या संगीताभोवती उभं राहिलेलं नोंदीचं कामही शिकायला हवं. कुंडल हे नाना पाटलांच्या, जी. डी. बापू लाडांच्या प्रतिसरकारचं गाव. ज्याची नोंद राहिली तो इतिहासात राहिला, हे आमच्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी सुरुवात केली आहे. त्या रात्रीनंतर वही घेऊन तात्यांसमोर बसलो. त्या कॅसेटवर एकूण सात जण होते. सहा नावं त्यांनी सांगितली, त्यातले चार आता नाहीत. सातवी कोरसमधली एक बाई. तिचं नाव त्यांना आठवेना. "मिरजेकडची हुती, आवाज लई खडा," एवढंच. वहीत त्या ओळीपुढची जागा मी मोकळी ठेवली आहे. मिरजेच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्या वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारून बघा.

जय भीम!