शिकाऊ परवाना : परीक्षा घरबसल्या, धोका रस्त्यावर

चाकण भागातल्या गावांत मोटारसायकल आता चैनीची राहिली नाही. डेअरीला दूध घालायचे, कॉलेज गाठायचे, कंपनीची पाळी धरायची, सगळे तिच्यावरच. पण पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरशेजारून गाडी चालवणे म्हणजे शिवारातली फेरी नव्हे.

२०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आधार क्रमांकावर घरबसल्या देता येते. सोय झाली खरी. पण उत्तरे दुसऱ्यानेच दिली, तर पोराच्या डोक्यात नियम शिरणार कसे? हा परवाना ६ महिने चालतो, ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. तोवर गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा. शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज मागे कुणालाही बसवायचे नाही.

गिअरच्या गाडीला वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यात पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते. एवढा दंड भरायचा तर दुधाचे कितीतरी पगार जातील.

संत तुकाराम नगरच्या वायसीएम रुग्णालयाची वाट धरण्यापेक्षा हेल्मेटचा पट्टा आवळणे केव्हाही स्वस्त. सरपंच-ग्रामसेवकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावाच.